तीन नंबरच्या उघाडीची पस्तीस मिनिटं

आमच्या खारकोंडी गावाच्या बांधाला पाच उघाड्या आहेत. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटी लागली की ते उघडायचं, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती यायच्या आत बंद करायचं, म्हणजे खाडीचं खारं पाणी आत घुसत नाही. पूर्वी हे काम माणसं दोर ओढून करायची. आता, २०६१ साली, मोटार करते. मोटारीने कधी काय करायचं ते एक प्रोग्रॅम (संगणकाने पाळायच्या सूचनांची यादी) ठरवतो.

या प्रोग्रॅममध्ये एक कोडं होतं. एक, दोन, चार आणि पाच नंबरच्या उघाड्या एकदमच बंद व्हायच्या. तीन नंबरची मात्र त्यांच्या पस्तीस मिनिटं आधी. तीस नाही, चाळीस नाही, बरोबर पस्तीस.

का?

आमचं शेत तीन नंबरच्या अगदी मागे आहे, त्यामुळे हे मला माहीत असायला हवं असं माझं मत होतं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "पहिल्यापासून तसंच आहे." शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "छान प्रश्न आहे, नीरजा," आणि फळा पुसायला लागल्या. शेवटी मी बांध सोसायटीचे अध्यक्ष रोशनकाका म्हात्रे यांना गाठलं.

"तिचा स्वभावच तसा हाय गो," रोशनकाका म्हणाले. "काय माणसं नाय का, लग्नाला दोन तास आधी जाऊन बसतात?"

म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. आणि कुणालाच माहीत नाही याची कुणाला काळजीही नव्हती. मला मात्र होती, कारण येत्या रविवारी भाद्रपदातली अमावास्या होती आणि त्या दुपारी वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण येणार होतं. शेतात भात नुकतं निसवलं होतं (लोंब्या बाहेर पडल्या होत्या). अशा वेळी खारं पाणी शिरलं तर पीक तर जातंच, शिवाय जमीनही दोन वर्षं रुसून बसते.

"पेटीत कारण असेल," चिंबोरी म्हणाली.

चिंबोरी म्हणजे आमच्या बांधावरचा यंत्रमानव. तिला आठ पाय आहेत आणि ती तिरकी चालते, म्हणून हे नाव पडलं. खऱ्या चिंबोऱ्या (खेकडे) बांधाला बिळं पाडतात आणि ही दिवसभर ती बुजवत फिरते. त्यामुळे दोघींचं अजिबात पटत नाही.

"पेटीत प्रत्येक बदलाचं कारण लिहिलेलं असतं," ती पुढे म्हणाली. "आज सकाळपासून चौदा बिळं बुजवली." हे दुसरं वाक्य ती सगळ्यांना, न विचारता सांगते.

मी तडक आजोबांकडे गेले.

आजोबा म्हणजे माझ्या आईचे वडील. ते पुण्यात संगणकशास्त्रज्ञ होते आणि निवृत्त झाल्यावर दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आले. गावात सगळे त्यांना 'सर' म्हणतात. संगणकातलं त्यांना सगळं कळतं. खारकोंडीतलं मात्र बरंच अजून कळायचं आहे, असं मी त्यांना अधूनमधून सांगत असते.

"पेटी बघायचीय का?" आजोबा हसले. "अगं, मी सोसायटीच्या ऑफिसात तिच्यासाठीच निघालोय. चल."

ऑफिसच्या कोपऱ्यात एक जुनाट संगणक होता. त्याचा स्क्रीन केव्हाच गेला होता. खाऱ्या हवेने त्याचा पत्रा खाल्ला होता आणि आतून कुरकुर असा आवाज येत होता. हीच ती पेटी.

"ही आवृत्ती-व्यवस्था आहे," आजोबा म्हणाले. "आवृत्ती-व्यवस्था (प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल ओळीने जपून ठेवणारी पद्धत). तू निबंध लिहितेस, आवडला नाही की खोडतेस. खोडलेलं कुठे जातं?"

"कचऱ्यात."

"पेटी खोडलेलंही ठेवते. प्रत्येक नोंदीत ती लिहून ठेवते की कोणती ओळ बदलली, आधी काय होतं, नंतर काय झालं, कुणी बदललं, केव्हा आणि का. गेल्या एकतीस वर्षांत गावाने अशा एक हजार आठशे सेहेचाळीस नोंदी केल्यात."

"मग तीन नंबरची नोंद शोधा ना."

"तीच तर अडचण आहे. ही आता शोधून देऊ शकत नाही. केबल जोडली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या नोंदी ओळीने बाहेर देते, तेवढंच. आणि किती दिवस देईल तेही सांगता येत नाही. शिवाय शनिवारी संध्याकाळी उघाड्यांना नव्या मोटारी बसणार. त्यांना पेटीची भाषाच कळत नाही. त्यांना साखळी लागते."

साखळी ही नवी आवृत्ती-व्यवस्था होती. म्हणजे आजोबांना गुरुवार ते शनिवार एवढ्या वेळात पेटीतलं सगळं साखळीत न्यायचं होतं.

तेवढ्यात रोशनकाका आत आले. "सर, एवढा कशाला व्याप? आजचा प्रोग्रॅम उचला नि नव्यात टाका. जुना पसारा कोन बघतो? आनि टाकताना ती तीनची पस्तीस मिनिटं पन काढून टाका. पाची उघाड्या एकदम बंद झाल्या तर बघायला बरं वाटंल."

मी आजोबांकडे पाहिलं. आमचं भात त्या दारामागे उभं होतं.

"रोशनराव," आजोबा शांतपणे म्हणाले, "ती ओळ का लिहिली ते तुम्हाला माहीत आहे?"

"नाय."

"मलाही नाही. मग ती निरुपयोगी आहे हे आपण कशावरून ठरवायचं?"

रोशनकाकांनी कान खाजवला. "बरं. शनिवारपर्यंत कारन सापडलं तर ऱ्हाऊ दे. नाय सापडलं तर काढायची. सोसायटीत सगळ्यांचं तसंच मत हाय."

मुदत ठरली. मला दोन दिवसांत एका आकड्याचं कारण शोधायचं होतं.

आजोबांनी आधी पेटीवर एक कागद चिकटवला: 'नवी नोंद करू नये.' सामान हलवताना कुणी घरात नवं सामान आणत राहिलं, तर काय हलवलं आणि काय राहिलं याचा घोळ होतो, म्हणून. मग केबल जोडून त्यांनी पेटीतलं सगळं जसंच्या तसं एका डिस्कवर उतरवून घेतलं. "आता काही चुकलं तर प्रतीवर चुकेल, मूळ शाबूत राहील," ते म्हणाले.

प्रत तयार होईपर्यंत त्यांनी मला साखळी समजावली. चिंबोरीला ते म्हणाले, "या वाक्याचा ठसा काढ: भरती दुपारी येईल."

चिंबोरीने भिंतीवर चौसष्ट अक्षरांची एक अगम्य ओळ उमटवली. ठसा (मजकुरावर ठरावीक गणित करून काढलेली त्याची ओळख) असा दिसतो.

"आता वाक्यातला पूर्णविराम काढ आणि पुन्हा ठसा काढ."

दुसरी ओळ आली. मी दोन्ही पडताळून पाहिल्या. एवढासा ठिपका काढला होता, पण ठसा सगळाच्या सगळा बदलला होता.

"साखळीत प्रत्येक नोंद ही एक कडी असते," आजोबा म्हणाले. "प्रत्येक कडीत तिच्या आधीच्या कडीचा ठसा लिहिलेला असतो. मग कुणी मधल्याच एखाद्या कडीत गुपचूप फेरफार केला तर?"

मी विचार केला. "तिचा ठसा बदलेल. मग पुढच्या कडीत लिहिलेला ठसा चुकीचा ठरेल. म्हणजे लगेच पकडलं जाईल!"

"शाबास. आणि पेटी एकाच कपाटात असते, साखळीची मात्र पूर्ण प्रत प्रत्येक घरात ठेवता येते. एकोणीस घरं, एकोणीस प्रती."

"वीस," चिंबोरी म्हणाली. "माझ्या पाठीत जागा आहे."

शुक्रवारी सकाळी आजोबांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याने पेटीतल्या नोंदी घेऊन साखळीत कड्या ओवायच्या होत्या. अकरा वाजता काम संपलं. आजोबांनी दोन्हीकडच्या नोंदी मोजायला लावल्या. पेटीत एक हजार आठशे सेहेचाळीस. साखळीत एक हजार आठशे सेहेचाळीस.

"झालं!" आजोबा खूश होऊन चहा करायला उठले.

मी चिंबोरीला म्हटलं, "नव्या साखळीतून आजचा प्रोग्रॅम काढ आणि तीन नंबरची वेळ वाच."

"बाकीच्यांच्या वीस मिनिटं आधी."

"पस्तीस," मी म्हटलं.

"वीस," चिंबोरी म्हणाली. "मी वाचण्यात चुकत नाही. बिळं मोजण्यातही."

"आजोबा!" मी इतक्या जोरात ओरडले की चहाचं आधण उतू गेलं.

आजोबांनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. नोंदी तितक्याच होत्या, तरी शेवटी प्रोग्रॅम मात्र वेगळाच आला होता. पंधरा मिनिटांचा फरक. उधाणाच्या दिवशी पंधरा मिनिटं उघडं दार म्हणजे आमच्या भातात कमरेएवढं खारं पाणी.

"असं कसं झालं?" ते स्वतःशीच पुटपुटले.

ते विचारात पडले तोवर मी साखळी पहिल्यापासून वाचायला घेतली. आणि पहिल्याच पानावर मला हसू फुटलं. पहिली नोंद होती: 'पुरात वाकलेला तीन नंबरचा दांडा बदलला.' पंधराव्या नोंदीनंतर कुठेतरी होतं: 'तीनची वेळ ३५ केली.' आणि या सगळ्यांच्या खाली, एकतिसाव्या जागी: 'आज खारकोंडीत पहिली उघाडी मोटारीवर सुरू झाली. पेढे वाटले.'

"आजोबा, उघाडी सुरू व्हायच्या आधीच तिचा दांडा वाकला कसा?"

आजोबा चष्मा सावरत जवळ आले. त्या वरच्या तीस नोंदींची तारीख होती जानेवारी २०००. तेव्हा पेटी तर नव्हतीच, रोशनकाकासुद्धा जन्मले नव्हते. पण नोंदींचे मूळ अनुक्रमांक होते चारशे दोन ते चारशे एकतीस.

"अनुक्रमांक मधले आणि तारीख सगळ्यांच्या आधीची," आजोबा म्हणाले. "नीरजा, पेटीच्या घड्याळाला एक छोटा सेल असतो. तो मेला की घड्याळ मूळपदावर जातं. अशा जुन्या यंत्रांत बरेचदा ते मूळपद म्हणजे १ जानेवारी २०००. चारशे एक नंबरची नोंद कधीची आहे?"

"नऊ जुलै २०३४. आणि चारशे बत्तीस पाच ऑगस्टची."

"म्हणजे मधे काहीतरी झालं, सेल गेला, आणि पुढचे सव्वीस दिवस पेटी जानेवारी २००० समजून नोंदी घेत राहिली. पाच ऑगस्टला घड्याळ दुरुस्त होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि मी शहाणा! मी नोंदी तारखेप्रमाणे लावल्या. त्यामुळे पुराच्या तीस नोंदी सगळ्यात आधी जाऊन बसल्या. ३५ आधी आलं, आणि २०३२ सालचं २० त्याच्यानंतर येऊन त्याच्यावर बसलं."

"मग क्रमांकाप्रमाणे लावायच्या!"

"हो. घड्याळ चुकू शकतं. अनुक्रमांक पेटी एकामागून एकच देते. आणि माझी दुसरी चूक त्याहून मोठी आहे. प्रत्येक नोंदीत 'आधी काय होतं' हे लिहिलेलं असतं. माझ्या प्रोग्रॅमने ते तपासलंच नाही. '२० चं ३५ केलं' अशी नोंद आली आणि तिथे २० नव्हतंच, तर त्याने तिथल्या तिथे थांबून ओरडायला हवं होतं."

"माझ्यासारखं," मी म्हटलं.

"अगदी तुझ्यासारखं," आजोबा म्हणाले. त्यांना अजिबात राग आला नव्हता. उलट हुरूप आला होता. चूक सापडली की त्यांना नेहमीच बरं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"आपण त्या खोट्या तारखा दुरुस्त करू," मी म्हटलं.

"अंहं. पेटीने जे लिहिलं ते तसंच न्यायचं, चुकीचं असलं तरी. शेजारी वेगळी टीप लिहायची की घड्याळ बिघडलं होतं, खरी तारीख बहुधा ही. आज आपण एक गोष्ट 'सुधारली' तर उद्या वाचणाऱ्याला काय मूळचं आणि काय आपलं ते कळणार कसं?"

आता ३५ ची नोंद हाताशी होती. आम्ही दोघांनी ती डोळे फाडून वाचली. चारशे सतरा क्रमांकाची नोंद. कारणाच्या जागी एवढंच होतं: 'वहीत लिहिलं आहे.' आणि नावाच्या जागी: 'घर ७.'

"घर सात?" आजोबा बुचकळ्यात पडले. त्यांनी बाकीच्या नोंदी चाळल्या. घर चार. घर अकरा. घर अठरा. "माणसांची नावं कुठायत?"

इथे मला आजोबांना शिकवायची संधी मिळाली. "आजोबा, बांधाची राखण घराची असते. एक महिना एका घराकडे, पुढचा महिना पुढच्या घराकडे. काम घराचं, म्हणून नोंदही घराच्या नावाने. एकेका घरात दहा-दहा माणसं, त्यातलं कुणी केलं ते लिहीत नाहीत. त्यात माणसाचं नाव घालणं म्हणजे बढाई मारल्यासारखं वाटतं."

आजोबांनी कपाळाला हात लावला. "एकतीस वर्षं आणि एकही माणूस नाही! अगं, घराला प्रश्न कसा विचारायचा?"

"पण राखणीची वही आहे ना! बांधावरच्या राखणदाराच्या खोपटाची चावी नेताना जो नेतो तो तारीख घालून सही करतो. चावी हरवली तर कुणाला ओरडायचं ते कळावं म्हणून."

आजोबा ताडकन उठले. "वही. तारखेसकट. आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

शनिवारी सकाळी सोसायटीचं ऑफिस लग्नघर झालं. राखणीच्या वह्या कपाटातून बाहेर आल्या, आणि सह्या ओळखायला एकोणीस घरांतून एकेक माणूस आला. "ही आमच्या आत्याची सही, बघा कशी लपेट्याची!" "हा अंगठा आमच्या बापूंचा, विळा लागला होता त्यांना तिथे." चिंबोरी एकेक नाव घेऊन नोंदीशी जुळवत होती. तारीख जुळली, घर जुळलं, तरच नाव जोडायचं. चाळीस-एक सह्या कुणालाच ओळखू आल्या नाहीत. एकाने सुचवलं की दत्ताची असावी, लिहून टाका दत्ता. आजोबा ठाम म्हणाले, "असावी चालणार नाही. 'व्यक्ती अज्ञात' लिहा. माहीत नाही हे लिहिणंसुद्धा खरंच आहे."

जुलै २०३४ ची वही तळाशी होती. पाण्याने फुगलेली, पानं चिकटलेली. पेटी जानेवारी २००० समजत होती ते सगळे सव्वीस दिवस या वहीत रोजच्या रोज, खऱ्या तारखेने हजर होते. राखणीचं घर: सात. मी एकेक पान हळूच सोडवत गेले. पंचवीस जुलैच्या पानावर सहीखाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं.

"'पुरात खांड गेली (बांधाला भगदाड पडलं), तेव्हापासून खाडीने वळण बदललं आहे. जुन्या ओहोळातून पाणी तीन नंबरकडे बाकीच्यांच्या आधी येतं. बांबू रोवून दिवसाच्या नऊ भरत्या मोजल्या. सर्वांत लवकर एकतीस मिनिटं आधी आलं. दार पूर्ण बसायला चार मिनिटं लागतात. बाकीच्यांचे उंबरे उंच आहेत, पाणी चढेपर्यंत ती दारं बसतात; तीनचा उंबरा खाली आहे. एकतीस आणि चार पस्तीस. कुणी कमी करू नये.'"

मी सही बघितली. र चा पाय इतका लांब ओढला होता की तो खालच्या ओळीत शिरला होता. ती सही मी रोज पाहत होते. सोसायटीच्या प्रत्येक सूचनेखाली ती असते.

"रोशनकाका," मी म्हटलं, "ही तुमची आहे."

रोशनकाका पुढे झाले. त्यांनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"मी?" ते म्हणाले. "मी लिवलं हे?" मग एकदम खाली बसले. "बाबांना ताप होता. मी एकोनीस वर्षांचा होतो. बांबू आठवतो गो. चिखलात बसून पाय कुजले होते माझे. पन हा आकडा... हा मी टाकला होता? नि तोच मी काढायला निघालो होतो?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले, आणि रोशनकाका सगळ्यात जोरात हसले. पण हसता हसता त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, ते मी पाहिलं.

"लाजायचं काही कारण नाही," आजोबा म्हणाले. "प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाचं हे होतं. मीही कितीदा 'हे कुणी लिहिलं' म्हणून वैतागलोय आणि शोधल्यावर माझंच नाव निघालंय. म्हणून तर कारण लिहायचं. ते सगळ्यात जास्त आपल्यालाच लागतं."

"मग सर, चला," रोशनकाका उठले. "एक पन नोंद मागं ऱ्हायला नको."

दुपारी आजोबांनी रिकामी साखळी घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. आता नोंदी अनुक्रमांकाने जात होत्या. प्रत्येक कडी ओवण्याआधी 'आधी काय होतं' तपासलं जात होतं. सहाशेव्या कडीपर्यंत सगळे श्वास रोखून बसले होते, त्यानंतर वडापाव आले. अकराशे तीनवर गावाची वीज गेली.

"आता पुन्हा पहिल्यापासून?" मी घाबरून विचारलं.

"नाही. शेवटची पूर्ण झालेली कडी कोणती?"

वीज आल्यावर चिंबोरीने ठसा पडताळला. "अकराशे दोन. अकराशे तीन अर्धवट आहे."

"अर्धवट कडी टाकून दे, अकराशे तीनपासून पुढे. एखादी कडी दोनदा जाता कामा नये आणि एखादी सुटता कामा नये. अर्ध्यात थांबलो तरी काही बिघडू नये, अशीच बांधणी हवी."

चार वाजता आकडा पूर्ण झाला: एक हजार आठशे सेहेचाळीस. यावेळी आजोबा चहाला उठले नाहीत. आता खरी परीक्षा होती. चिंबोरीने पहिल्या नोंदीनंतरचा प्रोग्रॅम पेटीच्या प्रतीतून काढला, तोच साखळीतून काढला, दोघांचे ठसे शेजारी शेजारी ठेवले. जुळले. मग दुसऱ्या नोंदीनंतरचा. मग तिसऱ्या. अशी ती एक हजार आठशे सेहेचाळीस वेळा गेली. चारशे सतराव्याला रोशनकाका उभे राहिले.

"जुळला," चिंबोरी म्हणाली.

शेवटच्यालाही जुळला. आणि तीन नंबरची वेळ? पस्तीस. शेजारी पहिल्यांदाच एक नाव होतं: घर सात, रोशन म्हात्रे. त्याखाली टीप: पेटीचं घड्याळ बिघडलेलं, खरी तारीख वहीप्रमाणे २५ जुलै २०३४. त्याखाली वहीतलं सगळं कारण.

संध्याकाळी नव्या मोटारी बसल्या. साखळीची एकेक प्रत घरोघरी गेली. पेटी आजोबांनी फेकू दिली नाही. तिच्यावर दुसरा कागद लावला: 'वाचावी. लिहू नये.'

रविवारी दुपारी अर्धं गाव बांधावर होतं. मी तीन नंबरपाशी उभी होते, आईचा हात घट्ट धरून. बारा वाजून दोन मिनिटांनी तीन नंबरचं दार खाली येऊ लागलं. बाकी चारही उघडीच होती. दार बसलं तेव्हा बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. समोर ओहोळ कोरडाच होता, आणि मला वाटलं, एवढं सगळं करून आपण उगाच तर नाही ना घाबरलो?

मग ओहोळाच्या वळणावर चिखल हलला. गढूळ पाण्याची जीभ आत आली, झरझर पुढे सरकली आणि दारावर येऊन धडकली. बारा वाजून सात. एक मिनिट! मी मागे वळून पाहिलं. आतल्या चरात पावसाचं गोडं पाणी संथ उभं होतं, आणि त्याच्या पलीकडे आमचं भात वाऱ्यावर डुलत होतं. आईने माझा हात सोडला आणि मला जवळ ओढलं.

रोशनकाकांनी कुठून तरी एक बांबू आणला होता. तो रोवून ते चिखलात मांडी घालून बसले होते, अध्यक्ष असूनही. बाकीच्या उघाड्यांपाशी पाणी यायला अजून अर्धा तास होता, आणि ते बरोबर तीस मिनिटांनी आलं.

"नीरजा, नोंद कर," त्यांनी हाक मारली. "या म्हैन्यात राखण तुमच्या घराची हाय ना?"

होती. मी चिंबोरीच्या पाठीवरचा कीबोर्ड उघडला. सवयीने 'घर ११' असं टाइप केलं आणि थांबले. कुणाला बढाई वाटली तर वाटो. मी पुढे लिहिलं: नीरजा ठाकूर. मग वेळा लिहिल्या: दार बसलं बारा-सहा, पाणी आलं बारा-सात, इतरांपेक्षा तीस मिनिटं आधी, ३५ बरोबर आहे.

"झालं?" आजोबांनी विचारलं.

"कारण राहिलं," मी म्हटलं.

खाडी पुन्हा कधीतरी वळण बदलेल. तीसचं चाळीस होईल किंवा दहा होईल. तेव्हा कुणीतरी माझ्यासारखंच बांधावर उभं राहून विचारेल की तीन नंबरची उघाडी आधी का बंद होते, आणि त्याला तीन वेगवेगळी उत्तरं मिळायला नकोत. म्हणून मी सगळं लिहिलं: ओहोळ कुठे आहे, मोजायचं कसं, बांबू कुठे रोवायचा. वहीतलं पेन्सिलीचं पान कुठे ठेवलंय तेही.

चिंबोरीने ठसा काढला, आधीच्या कडीशी जोडला आणि एकोणीस घरांत पाठवला.

"नोंद एक हजार आठशे सत्तेचाळीस," ती म्हणाली. "आज सकाळपासून नऊ बिळं बुजवली."

"तेही लिहू का?" मी विचारलं.

"नावासकट," ती म्हणाली.